सॅली राइड: यानातून उतरल्यानंतरचं काम

खानापूरच्या बाई (धागा सुरू केला)

विज्ञान दिनाला शाळेत मुली भाषणं करतात. सॅली राइड हा विषय घेतलेली मुलगी एक वाक्य हमखास पाठ करून येते, 'अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला'. मग जन्म, शिक्षण, मृत्यू आणि टाळ्या. तिच्या त्या उड्डाणाबद्दल मला आदर आहेच. पण तिच्या हातून मोठं काम झालं ते जमिनीवर, असं माझं ठाम मत आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलींना तेच जास्त उपयोगी पडेल. म्हणून हा धागा.

आधी तिची ओळख. जन्म 26 मे 1951, लॉस एंजेलिसचा. वडील कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. घरात शास्त्रज्ञ कुणी नाही. टेनिस इतकं चांगलं खेळायची की देशाच्या ज्युनियर क्रमवारीत तिचं नाव होतं. मुलींच्या एका शाळेत ती शिष्यवृत्तीवर शिकली. तिथं शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. एलिझाबेथ मॉमर्ट्स तिला भेटल्या आणि विज्ञानाची खरी गोडी तिथंच लागली. मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळे तिच्या चरित्रातल्या या बाईंपाशी मी नेहमी थांबते. पाठ्यपुस्तक संपवणं एक आणि एखाद्या मुलीला 'तू विचार करू शकतेस' हे पटवून देणं वेगळं.

मध्ये तिनं कॉलेज सोडून टेनिसच करून पाहिलं. मग स्टॅनफर्डला आली आणि 1973 मध्ये भौतिकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य अशा दोन पदव्या घेतल्या. पीएचडी 1978 ची. विषय होता ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायू-धुळीतून क्ष-किरण जातात तेव्हा काय होतं. म्हणजे नासात गेली ती पक्की भौतिकशास्त्रज्ञ होऊन.

1977 मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थी वर्तमानपत्रात तिनं नासाची जाहिरात वाचली. सुरुवातीला नासा अंतराळवीर म्हणून जेट विमानं चालवणारे लष्करी टेस्ट पायलट घेत असे, आणि ते काम त्या काळात बायकांना बंदच होतं. दारच बंद असल्यावर योग्यतेचा प्रश्न येतो कुठं? स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान, आल्यावर ते चालवणाऱ्यांबरोबर प्रयोग आणि यंत्रं सांभाळणारी माणसं लागणार होती, म्हणून शास्त्रज्ञ, इंजिनियर आणि डॉक्टरांना संधी मिळाली. आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी 1978 मध्ये 35 जण निवडले गेले, त्यात सहा महिला: सॅली राइड, ज्युडिथ रेझनिक, कॅथरिन सुलिव्हन, ॲना फिशर, रिया सेडन आणि शॅनन ल्युसिड. भाषणात एकीचंच नाव येतं, म्हणून सहाही लिहिली.

तिला पहिली संधी का मिळाली? शटलला कॅनडानं बनवलेला सुमारे 15 मीटर लांबीचा यांत्रिक हात असायचा. तो कसा चालवायचा याच्या पद्धती बसवण्यात तिनं खूप काम केलं होतं. शटलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या उड्डाणात जमिनीवरून अंतराळवीरांशी बोलण्याची जबाबदारीही तिच्याकडं होती. 18 जून 1983 ला 'चॅलेंजर' उडालं तेव्हा ती 32 वर्षांची होती. कॅनडाचा आणि इंडोनेशियाचा असे दोन दळणवळण उपग्रह सोडले. मग त्या हातानं एक छोटा उपग्रह बाहेर सोडून पुन्हा पकडून आणला. त्या छोट्या उपग्रहावरच्या कॅमेऱ्यानं अख्ख्या शटलचा अवकाशातला फोटो काढला. फोटोत यांत्रिक हात इंग्रजी सातच्या आकड्यासारखा वाकवलेला दिसतो, कारण शटलचं ते सातवं उड्डाण होतं. मुलींना तो फोटो जरूर दाखवा.

आणि उड्डाणाआधी पत्रकारांनी तिला काय विचारलं? काम बिघडलं की तू रडतेस का? अंतराळात गेल्यानं मूल होण्यावर परिणाम होईल का? तिनं शांतपणे उलट विचारलं, हे प्रश्न माझ्या सहकारी पुरुषाला का नाही विचारत?

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं, 1986 नंतरचं, खाली लिहीन. त्याआधी इथल्या मंडळींना काही सांगायचं असेल तर सांगा.

शहापूरकर

बाई, फार चांगला विषय काढलात. 1983 चा जून म्हणजे आमच्या पिढीला एकच माणूस आठवतो, कपिल देव. तुम्ही 18 जून लिहिलंत आणि मी चमकलोच. त्याच दिवशी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध 5 बाद 17 अशी अवस्था असताना कपिलनं नाबाद 175 केले. आपल्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा तिकडे मॅच चालू होती आणि फ्लोरिडात ही मुलगी उडाली. ती 24 ला उतरली आणि 25 ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. तिच्याबद्दल आमच्यापर्यंत काही पोचलंच नाही, याची आज खरंच हळहळ वाटते.

खानापूरच्या बाई

काका, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं! आता त्यात आणखी एक भर घालते. त्या उड्डाणाची कक्षा विषुववृत्ताशी साधारण साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली होती. म्हणजे यान उत्तरेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत चढायचं आणि दक्षिणेला तेवढंच उतरायचं. आपलं बेळगाव जवळपास 16 अंश उत्तरेला. त्यामुळे प्रत्येक फेरीत ते दोनदा आपल्या अक्षांशावरून जात होतं, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. अशा 97 फेऱ्या झाल्या. आठवीच्या मुलांना पृथ्वीगोलावर दोरा गुंडाळून हे दाखवता येतं, आणि भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांशाचा कंटाळा असणारी मुलंसुद्धा मान पुढं करून बघतात.

सांब्रा

माझ्या माहितीत अंतराळात गेलेली पहिली बाई रशियन होती. मग हिचं एवढं का?

खानापूरच्या बाई

बरोबर, जगातली पहिली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा. 16 जून 1963 ला 'वोस्तोक 6' मधून एकटी गेली आणि तिनं 48 फेऱ्या मारल्या. कापडगिरणीत काम करणारी, हौसेनं पॅराशूट उड्या मारणारी मुलगी. दुसरी स्वेतलाना साविट्स्काया, 1982 मध्ये. राइड तिसरी. पण बघा, पहिली आणि दुसरीत 19 वर्षांचं अंतर आहे. एक बाई गेली म्हणजे वाट झाली असं होत नाही. नासात एकदम सहा जणी घेतल्या गेल्या म्हणून पुढं ओघ लागला. ऑक्टोबर 1984 मध्ये राइड दुसऱ्यांदा गेली तेव्हा सुलिव्हन तिच्याबरोबर होती. एका यानात दोन महिला असण्याची ती पहिली वेळ, आणि सुलिव्हननं त्याच फेरीत अवकाशात चालूनही दाखवलं.

निपाणीची लेक

बाई, मी बेळगावला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या हॉस्टेलवर एक किस्सा फिरतो, की सहा दिवसांच्या प्रवासासाठी तिला पाळीसाठी 100 टॅम्पॉन पुरतील का असं इंजिनियरांनी विचारलं होतं. खरं आहे का?

खानापूरच्या बाई

खरं आहे. तिनं स्वतः नंतर एका मुलाखतीत सांगितलंय. आठवड्यासाठी 100 बरोबर आहेत का असं विचारलं, ती म्हणाली हा आकडा बरोबर नाही. मेकअपची पेटीही तयार करून ठेवली होती. लोक हे ऐकून हसतात, पण मला त्यात वेगळं दिसतं. चंद्रावर माणसं उतरवलेल्या त्या हुशार इंजिनियरांना शेजारच्या टेबलावर विचारायला बाई सहकारी जवळजवळ नव्हती. जिथं बाया कामावर नसतात तिथं बायांची गरज कुणाला ठाऊक नसते. आपल्याकडं मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून महिन्यातले चार दिवस शाळा बुडते, त्याचं कारणही हेच आहे. ठरवणाऱ्यांत ती गरज माहीत असलेलं कुणी नसतं.

आता 1986 कडे येते. 28 जानेवारी 1986. तेच 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत मोडलं. सात जण गेले. त्यात राइडबरोबर निवडली गेलेली ज्युडिथ रेझनिक होती आणि क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिकाही होती. राइड तेव्हा तिसऱ्या उड्डाणाची तयारी करत होती. चौकशीसाठी माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यातली एकमेव महिला म्हणजे राइड. आपल्याच संस्थेची, आपल्याच मित्रमैत्रिणींच्या मृत्यूची चौकशी.

दोष निघाला ओ-रिंगमध्ये. इथं आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कुणी असेल तर माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

उद्यमबाग

आहे की बाई. वीस-पंचवीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात आहे, ओ-रिंग म्हणजे रोजचा मामला.

ओ-रिंग ही रबराची गोल कडी. धातूत खाच पाडतात, खाचेत ती बसवतात आणि दुसरा भाग वर आला की ती चेपते. चेपलेली असते म्हणूनच ती फट बंद ठेवते. पण सिलिंडरला दाब आला की धातूसुद्धा केसभर हलतो, फट किंचित मोठी होते. त्या क्षणी कडीनं लगेच फुलून फट भरली पाहिजे. नुसतं चेपणं पुरत नाही, परत उठणंही पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत सकाळी मशीन चालू केलं की पहिल्या काही स्ट्रोकला सिलिंडर गळतो. तेल तापलं की गळती आपोआप बंद. नवीन पोरगा लगेच सील बदलायला निघतो, त्याला सांगावं लागतं थांब जरा, रबर गार पडलंय, उठत नाही. आता हे आपल्याकडं 13-14 डिग्रीला होतं, तर बर्फात काय होईल विचार करा. आणि त्या रॉकेटला व्हिटॉन नावाच्या रबराची कडी होती ना? व्हिटॉन उष्णतेला आणि तेलाला एक नंबर, पण थंडीत लवकर कडक होतं. नायट्राइल हे दुसरं रबर त्या मानानं बरं.

आमच्याकडं चूक झाली तर फरशीवर तेल सांडतं. तिथं सात माणसं गेली.

खानापूरच्या बाई

दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच झालं. शटलला बाजूला लावलेली दोन घन इंधनाची रॉकेटं तुकड्यांनी बनवलेली असायची. युटामध्ये बनायची, रेल्वेनं फ्लोरिडाला यायची आणि तिथं एकावर एक चढवून जोडायची. प्रत्येक जोडाला दोन ओ-रिंग. कडीची जाडी साधारण 7 मिलिमीटर आणि जोडाचा व्यास जवळजवळ पावणेचार मीटर. रॉकेट पेटल्याबरोबर आतल्या दाबानं नळकांडं फुगतं आणि जोडाची फट उघडते, म्हणजे तुम्ही म्हणता तेच केसभर हलणं. तिथं कडी वेळेत उठली नाही की आतला जळता वायू बाहेर. उड्डाणाच्या आदल्या रात्री तापमान शून्याखाली गेलं होतं. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण साधारण 12 अंशांचं, त्यातही कडीतून वायू निसटल्याच्या खुणा दिसल्या होत्या.

रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी आदल्या रात्री उड्डाणाला विरोध केला होता. त्यांचं ऐकलं नाही. त्यांपैकी रॉजर बॉइजोली यांनी आयोगासमोर सगळं सांगितलं. त्यानंतर सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. राइडनं मात्र सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. आयोगाची सदस्य असताना असं करणं सोपं नव्हतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती. आयोगावर रिचर्ड फाइनमन होते, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्यांनी ओ-रिंगचा तुकडा पकडीत दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि पकड काढल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही हे दाखवलं. हा प्रयोग जगभर प्रसिद्ध आहे. पण फाइनमनना ही दिशा कुठून मिळाली? आयोगावरचे हवाई दलाचे जनरल डोनाल्ड कुटिना यांनी त्यांना घरी बोलावून गाडीच्या कार्ब्युरेटरमधल्या कड्या दाखवून थंडीचा विषय काढला होता. आणि कुटिनांना? बऱ्याच वर्षांनी, राइड गेल्यावर, कुटिनांनी उघड केलं की कॉरिडॉरमधून बरोबर चालताना राइडनं एक अक्षर न बोलता वहीतून काढून एक कागद त्यांच्या हातात दिला. नासाच्या त्या कागदावर दोन रकाने होते, एकात तापमान, दुसऱ्यात त्या तापमानाला कडी किती उठते.

दोन रकाने, बस. ते वाचता येणारी भौतिकशास्त्रज्ञ, त्याचा अर्थ कळल्यावर गप्प न बसणारी नासाची कर्मचारी, आणि श्रेय स्वतःकडं न घेणारी माणूस, तिन्ही एका बाईत होती. जिवंत असेपर्यंत तिनं हे बोलूनही दाखवलं नाही.

उद्यमबाग

फाइनमनचा व्हिडिओ आम्ही ट्रेनिंगमध्ये पाहिलेला. ती कागद देणारी बाई होती हे आज कळलं. आमच्याकडंही असंच असतं. रिपोर्ट कपाटात असतो, वाचणारा लागतो, आणि वाचून साहेबाच्या टेबलावर ठेवणारा तर फारच कमी.

वडगाव

मला कल्पना चावलाबद्दल विचारायचं होतं. आमच्या मुलींना ती जवळची वाटते. कर्नाल, हरियाणाची. कर्नाटक सरकारनंही तिच्या नावानं तरुण महिला शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू केला. राइडचा आणि तिचा काही संबंध?

खानापूरच्या बाई

आहे, आणि तो दुःखाचा आहे.

कल्पना चावला चंदिगडच्या पंजाब इंजिनियरिंग कॉलेजची, पुढं टेक्सास आणि कोलोरॅडोला शिकली, 1988 ची पीएचडी. 1997 च्या पहिल्या उड्डाणात यांत्रिक हात तिच्याकडं होता, म्हणजे राइडचंच काम. त्या फेरीत एक छोटा उपग्रह नीट सुटला नाही, दोघा सहकाऱ्यांना बाहेर जाऊन तो हातानं पकडावा लागला. वर्तमानपत्रांत तिच्यावर बोटं दाखवली गेली. चौकशीत मात्र सॉफ्टवेअरच्या जोडण्या आणि ठरवलेल्या कार्यपद्धती यांतच दोष निघाले आणि ती निर्दोष ठरली. हे आपल्याकडं क्वचित सांगितलं जातं, ते सांगायला हवं.

16 जानेवारी 2003 ला ती दुसऱ्यांदा 'कोलंबिया'तून गेली. उड्डाणानंतर 82 व्या सेकंदाच्या आसपास इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला आदळला. तुकडा पाऊण किलोच्या आसपासचा, पण वेग प्रचंड. तिथं भोक पडलं. 1 फेब्रुवारीला परत येताना त्यातून तप्त वायू पंखात शिरला आणि उतरायला 16 मिनिटं उरली असताना यान तुटलं. त्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळावर सॅली राइड होती. दोन्ही अपघातांच्या चौकशीत असलेली ती एकमेव व्यक्ती.

तिला काय दिसलं? 'चॅलेंजर'चाच प्रतिध्वनी. ओ-रिंग आधीच्या उड्डाणांतही जळलेल्या दिसल्या होत्या, पण यानं सुखरूप आली म्हणून ते चालवून घेतलं. फोमही आधी पडत होता, यानं सुखरूप आली म्हणून तेही चालवून घेतलं. 1986 मध्ये इंजिनियर उडू नका म्हणत होते. 2003 मध्ये इंजिनियर म्हणत होते की लष्कराच्या कॅमेऱ्यांनी पंखाचे फोटो घेऊ या. दोन्ही वेळा वरच्यांनी विषय बंद केला. दोष वेगळे, पण न ऐकण्याची सवय तीच.

वाजपेयींनी नंतर आपल्या हवामान उपग्रहाला 'कल्पना 1' नाव दिलं, ते तुम्हाला माहीत असेलच.

मार्कंडेयकाठ

धागा मनापासून आवडला. एक विचारू का? तिच्या घरच्या आयुष्याबद्दल फार कुठं वाचायला मिळत नाही. मुली विचारतात, लग्न झालं होतं का, मुलं होती का.

खानापूरच्या बाई

विचारा की. 1982 मध्ये तिनं स्टीव्ह हॉली या अंतराळवीर सहकाऱ्याशी लग्न केलं, 1987 मध्ये ते वेगळे झाले. आयुष्यातली शेवटची 27 वर्षं तिची जोडीदार होती टॅम ओ'शॉनेसी, लहानपणी टेनिसच्या मैदानावर भेटलेली मैत्रीण. 23 जुलै 2012 ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं राइड गेली, वय 61. मृत्यूच्या बातमीतूनच हे नातं जगाला कळलं. ती स्वभावानं अबोल होती आणि काम करू द्या, माझ्याबद्दल बोलू नका, असा तिचा पहिल्यापासूनचा खाक्या. मी मुलींना सरळ सांगते. मुली आपण समजतो त्यापेक्षा समंजस असतात.

याच दोघींनी आणखी काही सहकाऱ्यांबरोबर 2001 मध्ये मुलींना विज्ञानात टिकवण्यासाठी संस्था काढली. राइडचं निरीक्षण असं होतं की लहान वयात मुलामुलींना विज्ञान सारखंच आवडतं. वयाच्या दहा-अकरा वर्षांनंतर, माध्यमिक शाळेत, मुली मागं सरायला लागतात. बुद्धी कमी पडत नाही. आजूबाजूचे इशारे बदलतात. म्हणून तिनं पुस्तकं लिहिली, शिबिरं घेतली, शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. त्याआधी नव्वदच्या दशकात, कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्राध्यापक असताना, तिनं एक योजना चालू केली होती, ज्यात शाळेची मुलं स्वतः कक्षेचा नकाशा बघून ठरवायची की अवकाशातल्या कॅमेऱ्यानं पृथ्वीवर कुठला फोटो घ्यायचा. पुढं चंद्राभोवती फिरणाऱ्या दोन यानांवरही मुलांसाठी असेच कॅमेरे बसवले. ती गेल्यानंतर, डिसेंबर 2012 मध्ये ती यानं चंद्रावर जिथं आदळवली त्या जागेला तिचं नाव दिलं.

माझा अनुभव तिच्या निरीक्षणाशी तंतोतंत जुळतो. सहावीतली मुलगी होकायंत्र हातातून सोडत नाही. नववीत तीच मागच्या बाकावर, प्रयोगाची वही सुबक, पण उपकरणाला हात नाही. हात लावणारे मुलगे, आकृत्या काढणाऱ्या मुली. ही वाटणी कुणी सांगून झालेली नाही, पण झालीय.

निपाणीची लेक

बाई, आणि आपल्याकडं त्यावर आणखी एक पायरी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शिवाय कन्नड. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या हुशार मुली पहिल्या चाचणीनंतर आर्ट्‌सला गेल्या. विषय येत नव्हता म्हणून नव्हे. वर्गात उभं राहून विचारायची भीती, त्यात एसटी चुकली तर घरी बोलणी, आणि 'सायन्स झेपत नाही तर कशाला' हे सांगायला सगळे तयार. मुलगा नापास झाला तर ट्यूशन लावतात, मुलीला विषय बदलायला सांगतात. मी टिकले कारण माझ्या मावशीनं दर रविवारी फिजिक्सचा एक धडा माझ्याकडून मराठीत समजावून घेतला. मावशी सातवी शिकलेली. तिला समजेपर्यंत सांगायचं एवढाच नियम होता. तिला न्यूटनचे तीनही नियम आजही येतात.

शहापूरकर

पोरी, तुझ्या मावशीला नमस्कार सांग.

आणि एक गोष्ट नवीन पिढीला सांगतो. आपल्याच जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. मोठमोठ्या विदेशी विमान कंपन्यांना जातात. विज्ञान घेऊन काय करायचं, बेंगळुरूलाच जावं लागेल, असं म्हणणाऱ्या पालकांना हे सांगायला पाहिजे.

खानापूरच्या बाई

काका, पालकसभेत हे नक्की सांगणार.

निपाणीच्या लेकी, तू आमच्या शाळेत येशील का? आठवी-नववीच्या मुलींशी बोलायला. भाषण नको. पीयूसीचे पहिले सहा महिने कसे जातात, वही कशी ठेवायची, न समजलेलं कुणाला विचारायचं, मावशीची युक्ती, एवढंच.

आणि उद्यमबागचे दादा, तुम्हालाही विनंती. ओ-रिंगचा प्रयोग मुलींकडून करून घ्यायचा आहे.

निपाणीची लेक

येते बाई. शनिवारी सकाळची शाळा असेल तर बरं, दुपारच्या गाडीनं निपाणीला घरी जाता येईल. फिजिक्सचा पहिला धडा मराठीत लिहून काढलेली माझी वही आणते, झेरॉक्स करून घ्या.

उद्यमबाग

मीही येतो. व्हिटॉन आणि नायट्राइल दोन्ही कड्या आणतो, म्हणजे फरक कळेल. सी-क्लॅम्प आहेत, पाच-सहा आणतो. नुसत्या बर्फाच्या पाण्यात शून्यापर्यंतच जाईल, त्यात मीठ टाकलं तर खाली जातं. थर्मामीटर शाळेत आहे ना? मुलींना दर दोन डिग्रीला क्लॅम्प सोडून कडी किती वेळात उठते ते मोजू दे. व्हर्नियर माझ्याकडं आहे. बर्फाचं तेवढं तुम्ही बघा.

खानापूरच्या बाई

बर्फाचं आणि मिठाचं माझ्याकडं. थर्मामीटर आहेत. मोजायचं, लिहायचं आणि क्लॅम्प पिळायचं, तिन्ही कामं मुलीच करतील. त्या दिवशी मुलगे आकृती काढतील. कागदावर दोनच रकाने आखायला सांगणार आहे, तापमान आणि कडी किती उठली. तारीख मुख्याध्यापकांशी बोलून उद्या इथंच टाकते.